टिकेल तोच आहार
(कमी कर्बोदकांच्या आहाराविषयी काही अनुभव)

आमच्या इंदुरात दिवस उजाडतो तो पोहे-जिलबीने आणि मावळतो तो सराफ्यातल्या खाऊगल्लीत. मधल्या वेळी घरी वरण-भात आणि पोळी-भाजी. एकादशी असेल तर साबुदाण्याची खिचडी. अशा गावात तीस वर्षे जनरल प्रॅक्टिस केल्यावर "डॉक्टर, वजन कमी करायला भात-पोळी सोडू का?" हा प्रश्न रोजचाच झाला आहे. या प्रश्नाचे उत्तर मी एकदा स्वतःला चुकीचे दिले आणि एकदा रुग्णाला अपुरे दिले. म्हणूनच स्मरणिकेसाठी हा विषय निवडला.

कर्बोदके कमी करून वजन उतरवण्याची कल्पना नवी नाही. लंडनमधील विल्यम बँटिंग नावाच्या स्थूल गृहस्थाने विल्यम हार्वे या कानाच्या शल्यविशारदाच्या सल्ल्याने पाव, साखर, बटाटे व बिअर वर्ज्य केली. वर्षभरात त्याचे वजन सुमारे २१ किलोंनी उतरले. हा अनुभव त्याने १८६३ साली पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केला. पुढे १९७२ मध्ये डॉ. रॉबर्ट ॲटकिन्स यांच्या पुस्तकाने हाच विचार जगभर नेला.

अशा आहारात पहिल्या आठवड्यात वजनाचा काटा झपाट्याने खाली येतो, तेव्हा हर्ष होतो. पण ती बव्हंशी पाण्याची घट असते. यकृतात व स्नायूंत साठवलेल्या दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर साधारण तीन ग्रॅम पाणी असते. साठा संपला की तेही जाते. खरी चरबी त्यानंतर हळूहळू उतरते, आणि तीही प्रथिनांमुळे भूक शमते व एकूण उष्मांक घटतात म्हणून.

मग हा आहार इतरांपेक्षा श्रेष्ठ आहे काय? स्टॅनफर्ड येथील २०१८ च्या अभ्यासात ६०९ व्यक्तींना वर्षभर कमी स्निग्धांशाचा किंवा कमी कर्बोदकांचा आहार देण्यात आला. सरासरी घट अनुक्रमे ५.३ व ६.० किलो झाली. हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरला नाही. मात्र दोन्ही गटांत काहींचे वजन पुष्कळ उतरले, तर काहींचे चक्क वाढले. इस्रायलमध्ये ३२२ व्यक्तींवर झालेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात (२००८) कमी कर्बोदकांच्या गटाची घट ४.७ किलो, भूमध्यसागरी आहाराची ४.४, तर कमी स्निग्धांशाची २.९ किलो होती. तात्पर्य, पद्धत उपयुक्त आहे, पण ती जादू नव्हे. आहाराच्या नावापेक्षा तो पाळणाऱ्याचे सातत्य मोठे.

आपल्याला मात्र या विचाराची निकड अधिक आहे. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपले व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे छायाचित्र २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध केले, ते अनेकांना आठवत असेल. दोघांचाही बीएमआय २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के! त्यामुळेच भारतीयांसाठी बीएमआय २३ पासून अतिवजन व २५ पासून स्थूलता धरतात. पुरुषांचा कमरेचा घेर ९० व स्त्रियांचा ८० सेंटिमीटरच्या आत असावा. असे असूनही आपल्या ताटातील सुमारे ६० टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात.

आता माझ्या चुका. एक्कावन्नाव्या वर्षी माझी साखर सीमारेषेवर आली. उत्साहाच्या भरात मी दिवसाला जेमतेम ३० ग्रॅम कर्बोदकांवर आलो. चार महिन्यांत नऊ किलो उतरले आणि मित्रमंडळींत कौतुक झाले. परंतु घरात दोन स्वयंपाक होऊ लागले. पंगतीत मी कोशिंबीर खाऊन उठू लागलो. पुतणीच्या लग्नात एकदा बांध फुटला तो फुटलाच. वर्षभरात अकरा किलो परत आले.

दुसरी चूक अधिक गंभीर. चौसष्ट वर्षांच्या एका मधुमेही काकांना मी भात व साखर बंद करून पोळ्या निम्म्या करण्यास सांगितले; पण त्यांची ग्लिमेपिराइडची गोळी तशीच ठेवली. चौथ्या दिवशी भाजीबाजारात ते कोसळले. साखर ४६ होती. शेजारच्या भाजीवालीने त्यांच्या हातावर गूळ ठेवला म्हणून निभावले. काका माझ्यावर रागावले नाहीत. ते मला आजही बोचते.

यातून आहार निवडताना मी चार प्रश्न विचारू लागलो.

पहिला, औषधे कोणती चालू आहेत? सल्फोनिलयुरिया वा इन्शुलिन असल्यास मात्रा आधी कमी करावी, आहार नंतर. डापाग्लिफ्लोझिनसारखी औषधे घेणाऱ्याने कडक कीटो आहार करू नये. साखर फारशी वाढलेली नसतानाही कीटोॲसिडोसिस होऊ शकतो. रक्तदाबाच्या गोळ्यांवरही लक्ष हवे. गर्भवती, स्तनदा माता, टाइप १ मधुमेही व मूत्रपिंडाचे रुग्ण यांनी हा प्रयोग स्वतःच्या मनाने करू नये.

दुसरा, किती कमी? दिवसाला १३० ग्रॅमच्या आत म्हणजे कमी कर्बोदके. २० ते ५० ग्रॅम म्हणजे कीटो. तीस ग्रॅम कणकेच्या फुलक्यात सुमारे २० ग्रॅम, दीडशे ग्रॅम शिजलेल्या भातात ४०, तर साठ ग्रॅम कोरड्या पोह्यांत ४५ ग्रॅम कर्बोदके असतात. साबुदाणा तर जवळजवळ निव्वळ पिठूळ पदार्थ. सकाळी मुगाच्या डाळीची दोन धिरडी, दुपारी दोन फुलके, रात्री एक लहान भाकरी, सोबत भाज्या व दही-ताक असे धरले तर हिशेब सव्वाशेच्या आसपास बसतो.

तिसरा, जागा कशाने भरणार? भात काढून तिथे तूप-साय आणली तर कोलेस्टेरॉल बिघडू शकते. म्हणून तीन महिन्यांनी लिपिड प्रोफाइल अवश्य पाहावे. जागा प्रथिनांनी भरावी. डाळीत प्रथिनांच्या दुपटीहून अधिक कर्बोदके असतात, हे शाकाहाऱ्यांनी ध्यानात ठेवून पनीर, दही, सोयाबीन व दाणे यांची जोड द्यावी. अंडी-मासे चालत असतील तर काम सोपे. उपवासाला खिचडीऐवजी दही, मूठभर दाणे आणि एखादे फळ पुरे.

चौथा व निर्णायक प्रश्न: पाच वर्षांनंतरच्या दिवाळीतही हे जमेल काय? ज्या आहारासाठी घरातील गृहिणीला वेगळी चूल मांडावी लागते, तो टिकत नाही. कुटुंबाच्याच स्वयंपाकातून, वाढण्याचे प्रमाण बदलून जे साधेल, तेच खरे.

स्वतःसाठी मी शेवटी हेच स्वीकारले. भात फक्त रविवारी, फुलके मोजून दोन, पोहे महिन्यातून दोनदा. दीड वर्षात सहा किलोच उतरले, पण चार वर्षे झाली, ते परत आलेले नाहीत. एचबीए१सी ६.२ वरून ५.७ वर आले. ज्या काकांचा उल्लेख केला, त्यांनीही गोळी निम्मी केल्यावर हाच क्रम धरला आणि तो निभावला आहे.

मंडळाच्या स्नेहसंमेलनात यंदाही श्रीखंड-पुरीचा बेत आहे असे कळते. मी अवश्य जेवणार आहे. वाढपींना एवढीच विनंती, की माझ्या पानात पुरी एकच वाढावी. मठ्ठा मात्र दोनदा फिरवावा.