मुंबईहून गाडीने देशाच्या दुसऱ्या टोकाला: टीनएजर मुलं सोबत असतील तर प्लॅन कसा करायचा?

बोरिवलीहून दिल्ली रस्त्याने साधारण १,४०० किलोमीटर. मोबाइलवरचा नकाशा म्हणतो, गाडी न थांबवता चालवली तर जवळपास एका दिवसात पोहोचाल. या हिशेबात जेवण, चहा, टॉयलेट, पंक्चर यातलं काहीच धरलेलं नसतं. मागच्या सीटवरचा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याचा मूड तर त्यात कुठेच नसतो.

तरीही मुंबईच्या उपनगरांतून गाडी काढून थेट राजस्थान, दिल्ली, हिमाचल किंवा कन्याकुमारी गाठायचा विचार आता अनेक घरांत होतो. त्याला कारणंही आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये दहिसर आणि मुलुंडसह मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर कारना टोलमाफी मिळाली. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि भिवंडीजवळच्या आमणेपासून नागपूरपर्यंतचा ७०१ किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. १५ ऑगस्ट २०२५ पासून खासगी कारसाठी फास्टॅगचा वार्षिक पास सुरू झाला.

रस्ते सोपे झाले, पण ऑफिसातली रजा मात्र तेवढीच राहिली. लांबच्या फॅमिली ट्रिपमध्ये बहुतेक अडचणी इथूनच सुरू होतात.

आधी तारखा, नकाशा नंतर

लहान मुलं असताना कधीही निघता येतं. आठवी-नववीनंतर मात्र घराचं कॅलेंडर मुलांच्या परीक्षांवर चालतं.

राज्य मंडळाच्या शाळांना मुंबईत मे ते जूनच्या मध्यापर्यंत सुटी असते. सीबीएसई आणि आयसीएसईच्या बऱ्याच शाळांचं नवं वर्ष एप्रिलमध्येच सुरू होतं. दोन भावंडं दोन वेगळ्या बोर्डांत असतील, तर समान सुटी किती दिवसांची आहे हे पहिल्यांदा पाहावं लागतं.

दहावी झालेल्यांची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि लांबलचक सुटी मिळते, असा समज असतो. पण निकाल मे महिन्यात लागू शकतो. २०२५ मध्ये तो १३ मे रोजी लागला. त्याच वर्षी राज्यभरात अकरावीचे प्रवेश ऑनलाइन झाले. पसंतीक्रम भरायच्या दिवशी कुटुंब नेटवर्क नसलेल्या घाटात असेल, तर ट्रिपची सगळी मजा तिथेच संपेल. त्यामुळे दहावीवाल्यांसाठी एप्रिल हा सगळ्यात मोकळा महिना. बारावीवाल्यांचा एप्रिल-मे सीईटी आणि नीटमध्ये जातो, त्यांच्या घरी उन्हाळ्यातल्या ट्रिपचा विषय न काढलेलाच बरा.

तारखा ठरल्या की हवामान बघायचं. मे महिन्यात राजस्थानात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. दुपारी दोन वाजता किल्ला पाहायला कोणताही टीनएजर गाडीतून उतरणार नाही, आणि त्याचं बरोबरच असेल. राजस्थान दिवाळीच्या सुटीत करावं, मे महिना हिमाचल किंवा दक्षिणेतल्या डोंगरांसाठी ठेवावा. परतीची तारीख पावसाच्या आधीची हवी. मुंबईत मान्सून सरासरी ११ जूनला येतो, पण २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच दाखल झाला होता.

बाहेर पडायचं कुठून?

अंधेरी-बोरिवलीकरांसाठी उत्तरेचा सरळ रस्ता म्हणजे वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून दहिसर आणि पुढे राष्ट्रीय महामार्ग ४८. मनोर, वापी, सुरत, वडोदरा, उदयपूर, जयपूर, दिल्ली अशी ही वाट.

मुलुंड-घाटकोपरकरांना ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून ठाणे-भिवंडीमार्गे समृद्धी जवळ पडतो. नागपूरला राष्ट्रीय महामार्ग ४४ मिळतो. श्रीनगर ते कन्याकुमारी जाणाऱ्या या रस्त्यावर नागपूरहून उत्तरेला वळलं तर पेंचचं जंगल लागतं. तिथे वाघांसह इतर प्राण्यांना सुरक्षित जाता यावं म्हणून रस्ताच उंचावर नेला आहे आणि प्राणी खालून जातात. मुलांनी कानातले हेडफोन काढावेत असा हा एक पट्टा.

टोलचा हिशेब करताना एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. २०२५ मध्ये ३,००० रुपयांना सुरू झालेला वार्षिक पास एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, यातलं जे आधी संपेल तोपर्यंत चालतो, पण फक्त राष्ट्रीय महामार्ग आणि राष्ट्रीय एक्स्प्रेसवेवर. समृद्धी, मुंबई-पुणे एक्स्प्रेसवे आणि अटल सेतू राज्याच्या यंत्रणांकडे आहेत. तिथे नेहमीसारखा टोल कापला जातो, म्हणून फास्टॅगमध्ये वेगळे पैसे हवेतच.

इंधनाचा अंदाज बांधणं सोपं आहे. जाऊन-येऊन आणि फिरून ३,००० किलोमीटर, लिटरला १५ किलोमीटरचं ॲव्हरेज आणि १०४ रुपयांचा दर धरला तर २०० लिटरचे २०,८०० रुपये होतात. सीएनजी गाडीत हा खर्च बराच कमी होतो, पण डिकीत सिलिंडर असतो. चार जणांच्या बारा दिवसांच्या बॅगा मग मुलांच्या पायाशी येतात आणि भांडण वापीच्या आधीच सुरू होतं. प्रत्येकाला एकच मऊ बॅग, हा नियम घरातच झालेला बरा.

दिवसाला किती किलोमीटर?

गाडी चालवणारं एकच माणूस असेल तर ३५० ते ४०० किलोमीटर पुरेत. हायवे कितीही गुळगुळीत असला तरी.

हे कमी वाटेल. पण समजा, बोरिवलीतल्या एका चौघांच्या कुटुंबाला दिल्लीला जायचंय. पहिल्या दिवशी वडोदरा, दुसऱ्या दिवशी उदयपूर. तिसरा दिवस उदयपुरात. चौथ्या दिवशी जयपूर, पाचवा दिवस तिथेच, सहाव्या दिवशी दिल्ली. दिल्लीत दोन दिवस धरले की आठ दिवस झाले. परत यायला याच वेगाने आणखी चार. म्हणजे बारा दिवस.

बहुतेकांकडे दोन वीकेंड धरून नऊ दिवस असतात. मग कात्री परतीच्या प्रवासाला लागते. जाताना उदयपूरचं तळं, जयपूरची कचोरी सगळं निवांत होतं आणि येताना 'जयपूर ते मुंबई एका दमात' असं ठरतं. हे अंतर हजार किलोमीटरहून जास्त आहे. थकलेला ड्रायव्हर, रात्रीची वेळ, ट्रकांच्या रांगा आणि सोमवारी सकाळचं लॉग-इन, असा हा योग असतो.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या वार्षिक अहवालांत सर्वाधिक अपघातांची वेळ संध्याकाळी ६ ते ९ ही दिसत आली आहे. दिवसभर गाडी चालवून 'आता फक्त शंभर किलोमीटर राहिले' असं म्हणायचीही हीच वेळ. म्हणून प्लॅन उलटा करावा. आधी परतीचे दिवस कॅलेंडरवर भरायचे, मग उरलेल्या दिवसांत किती लांब जाता येतं ते बघायचं. नऊ दिवसच असतील तर उदयपूरहून मागे फिरणं शहाणपणाचं. कुणाला क्लाससाठी लवकर परतायचंच असेल, तर दिल्ली-जयपूरकडून येणाऱ्या पश्चिम रेल्वेच्या अनेक गाड्या बोरिवलीला थांबतात. आई किंवा बाबांपैकी एकाने मुलाला घेऊन ट्रेनने यावं, यात कमीपणा काहीच नाही.

'पहाटे चारला निघू' आणि मागची सीट

उपनगरातून निघायचं तर ट्रॅफिक टाळायला पहाटे चारचा मुहूर्त काढला जातो. घोडबंदर-वर्सोव्याच्या कोंडीचा अनुभव घेतलेल्यांना तो पटतोही. पण किशोरवयात झोपेचं घड्याळच पुढे सरकतं. झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवायला लागतं, त्यामुळे मुलं लवकर झोपू शकत नाहीत. १३ ते १८ वयात ८ ते १० तास झोप लागते, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनची शिफारस सांगते. बारा-एकला झोपलेल्या मुलाला साडेतीनला उठवलं की पुढचे चार तास तो गाडीत झोपणार, हे नक्की.

तो झोपतो कसा, यावर खूप काही अवलंबून आहे. उशी घेऊन, पाय पोटाशी घेऊन, सीटवर आडवा आणि बेल्ट काढून.

याच महामार्ग ४८ वर, पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांच्या गाडीला अपघात झाला. पुढच्या सीटवरचे दोघे वाचले. मागे बसलेले मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी यांचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी बेल्ट लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं होतं. त्यानंतर मुंबई वाहतूक पोलिसांनी १ नोव्हेंबर २०२२ पासून गाडीतल्या सगळ्यांना बेल्टची सक्ती जाहीर केली. मागच्या सीटचा नियम त्याआधीही होता, तो पाळला जात नव्हता. बेल्ट नसल्यास १,००० रुपये दंड आहे.

मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये देशात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण रस्ते अपघातांत दगावले. त्यात ८,३८४ चालक होते आणि ८,३३१ प्रवासी. म्हणजे निम्मे लोक गाडी चालवतच नव्हते.

बेल्ट न लावलेला माणूस धडकेच्या क्षणी गाडीच्याच वेगाने पुढे फेकला जातो आणि समोरच्या सीटवर बसलेल्यालाही चिरडू शकतो. आडवं झोपून बेल्ट लावला तर तो कमरेच्या हाडाऐवजी पोटावर येतो, तेही घातक. पुढच्या सीटवर बसून पाय डॅशबोर्डवर टाकायची सवय तर आजच मोडायला हवी, कारण एअरबॅग उघडली की पाय थेट शरीरावर आदळतात. मानेला गोल उशी, सीट थोडी मागे आणि बेल्ट लावलेला, एवढं करून बसल्या बसल्या छान झोप लागते. सात सीटर गाडीत आजी-आजोबा मधे आणि मुलं शेवटच्या रांगेत असतील, तर तिथले बेल्ट बॅगांखाली दबलेले नाहीत ना, तेही पाहावं.

पहाटे चारऐवजी सहाला निघालं तर तास-दीड तास ट्रॅफिकमध्ये जाईल. चालवणाऱ्याची झोप मात्र पूर्ण होईल.

'जरा चालवू दे ना, रस्ता मोकळा आहे'

सतरा वर्षांच्या मुलाची ही मागणी ट्रिपमध्ये कधी ना कधी येतेच. याचं उत्तर एकच आहे, नाही.

कार चालवायला १८ वर्षं पूर्ण आणि लायसन्स लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९अ नुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ वर्षांचा होईपर्यंत लायसन्स मिळत नाही. पुण्यात कल्याणीनगरला मे २०२४ मध्ये झालेल्या पोर्शे अपघातानंतर ही तरतूद घराघरात पोहोचली. पण 'गावाकडचा रस्ता वेगळा' असं मानणारे पालक अजूनही आहेत. कायद्यात तसा अपवाद नाही.

मुली पाणी का पीत नाहीत?

टॉयलेट स्वच्छ असेल की नाही याची खात्री नसल्याने अनेक मुली प्रवासात पाणीच पीत नाहीत. उन्हाळ्यात याचा परिणाम डोकेदुखी आणि लघवीच्या जळजळीवर जातो, आणि घरचे म्हणतात, 'हिला प्रवास सोसत नाही.'

थांबे जेवणाच्या जागांवरून ठरवण्याऐवजी टॉयलेटवरून ठरवले तर निम्मी अडचण सुटते. दर दोन तासांनी गाडी थांबवायची, मग कुणी मागणी करो वा न करो. पेट्रोल पंपावर टॉयलेट आणि पिण्याचं पाणी मोफत देणं बंधनकारक आहे, तिथे इंधन भरायची अट नसते. पाळीच्या तारखा कुठे येतात हे आईने मुलीला आधी विचारून घ्यावं. त्या दिवशी सर्वात लांबचा टप्पा ठेवू नये.

मुलांकडे काय सोपवायचं?

'तुला कुठे जायचंय?' असं विचारलं की 'कुठेही' हे उत्तर येतं. त्यापेक्षा खरी कामं द्यावीत. एकाने पुढे बसून रस्ता सांगायचा, टोल आणि इंधनाचा हिशेब ठेवायचा. दुसऱ्याने हॉटेलं शोधून तीन पर्याय द्यायचे. ट्रिपमधला एक पूर्ण दिवस मुलांचा, त्यात मोठ्यांनी बदल करायचा नाही. त्यांनी सकाळी अकरापर्यंत झोपायचं ठरवलं तर तेही मान्य.

फोनवरून वाद घालण्यात अर्थ नाही. नकाशे ऑफलाइन उतरवून ठेवायचे आणि कसारा किंवा कुठल्याही घाटात स्क्रीन बंद, एवढं पुरे. ते पाळलं नाही तर उलटीची पिशवी लागते.

लडाखपर्यंत जायचं असेल तर मुलांना एक बातमी आधीच द्यावी. बाहेरच्या राज्यांची प्रीपेड सिम जम्मू-काश्मीर आणि लडाखमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड लागतं. लेह साधारण ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि तिथे पोहोचल्यावर पहिले एक-दोन दिवस विश्रांती घ्यावी लागते. फुटबॉल खेळणाऱ्या तंदुरुस्त मुलालाही विरळ हवेचा त्रास होतो, त्यामुळे 'मला काही होत नाही' यावर विसंबू नये.

निघण्यापूर्वी आरसी, लायसन्स, विमा आणि पीयूसी डिजिलॉकरमध्ये आहेत का पाहा. हॉटेलसाठी मुलांचं आधार सोबत ठेवा. गुजरातमधून जाणार असाल तर डिकीत दारूची बाटली नको, तिथे दारूबंदी आहे. राष्ट्रीय महामार्गावर मदतीसाठी १०३३ आणि कुठेही आपत्कालीन मदतीसाठी ११२ हे नंबर मुलांच्याही फोनमध्ये सेव्ह असू द्या, कारण गाडी चालवणारा फोन करण्याच्या स्थितीत असेलच असं नाही.