जुन्नर-आंबेगावचा माणूस, हार्वर्डचा धडा

2010 साली हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या स्टीफन थॉमके यांनी मुंबईच्या डबेवाल्यांवर केस स्टडी लिहिली आणि ती देशोदेशीच्या एमबीएच्या वर्गांत जाऊन बसली. अंधेरीच्या घरातून सकाळी निघालेला डबा जेवणाच्या सुट्टीआधी चर्चगेटच्या ऑफिसात कसा पोचतो, तेव्हाची पाच हजार माणसं रोज लाखाहून अधिक डबे कसे हाताळत होती, यावर तिथं तासन्‌तास चर्चा झडते. ही माणसं कुठली? खेड, मावळ, मुळशी, जुन्नर, आंबेगाव. जुन्नर तालुक्यातल्या बेल्ह्याला किंवा कुरणला एमबीए करणाऱ्या मुलाला मनुष्यबळ व्यवस्थापनाच्या तासाला ज्यांचा अभ्यास करावा लागतो, ती माणसं त्याच्या भावकीतलीही निघू शकतात.

धंद्याची सुरुवात 1890 ची. महादू हावजी बच्चे यांनी शंभरेक माणसं जमवून डबे पोचवायला सुरुवात केली, असं सांगतात. घाटावरची जिरायती शेती पोटाला पुरत नव्हती, म्हणून माणसं मुंबईला जात होती. कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी डब्यावर. आंबेगावातल्या महाळुंगे पडवळचा बाबू गेनू हाही असाच गिरणीत गेलेला. 12 डिसेंबर 1930 रोजी परदेशी कापडाच्या ट्रकसमोर तो आडवा झाला आणि चिरडला गेला.

गिरणीतल्या माणसाच्या कल्याणासाठी खास अधिकारी ठेवायला कायद्याला पुढची अठरा वर्षं लागली. 1948 च्या कारखाने अधिनियमानं पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असलेल्या कारखान्याला कल्याण अधिकारी नेमायला लावला. हा अधिकारी शिकवून तयार करायचा तर अभ्यासक्रम हवा. टाटा समाजविज्ञान संस्था 1936 पासून होतीच. पुढे पुणे विद्यापीठाच्या परिसरात कामगार कायद्याची पदविका आली, कर्मचारी व्यवस्थापनाची एमपीएम ही पदवी आली. पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यात पाळी करून संध्याकाळच्या वर्गाला बसणाऱ्यांची एक पिढीच त्यातून निघाली. तेव्हाच्या पेपरात किमान वेतन, बोनस, संप, टाळेबंदी असायचं. पुण्यात 1989 च्या सप्टेंबरात टेल्कोच्या कामगारांनी शनिवारवाड्यावर उपोषण केलं, तेव्हा हे सगळे धडे शहराच्या मधोमध येऊन बसले होते. त्यानंतर अभ्यासक्रमात कामगार कल्याण मागं पडत गेलं आणि भरती, मूल्यमापन, नेतृत्व, संघभावना हे पुढं आलं. याच नव्या पुस्तकांत डबेवाला शिरला. मालक नसलेला, संप न करणारा, हसतमुख.

मालक नाही हे खरंच. 1956 मध्ये नूतन मुंबई टिफिन बॉक्स सप्लायर्स या नावानं ट्रस्ट नोंदवला गेला, पण पगार देणारी कंपनी कुणी काढली नाही. साधारण वीस-पंचवीस जणांचा एक गट आणि त्याचा मुकादम. गटाचा जमाखर्च गटाकडेच. नवा माणूस घ्यायचा तर जाहिरात नाही, मुलाखत नाही. गावचा, नात्यातला, कुणीतरी शब्द टाकलेला. आधी जुन्या माणसाबरोबर हिंडून लाइन शिकायची, मग आपले पैसे घालून वाटा घ्यायचा. सायकल आणि लाकडी पेटी ज्याची त्यानं आणायची. डोक्यावर पांढरी टोपी नसली तर दंड, कामावर दारू प्यायला तरी दंड. एखादा आजारी पडला तर त्याचे डबे उचलायला गटात दोन-तीन जादा माणसं असतात. आणि चैत्रात गावची जत्रा आली की चार-पाच दिवस मुंबईला डबा बंद! गिऱ्हाईक कुरकुरत नाही, कारण ही रजा त्याला आधीपासून ठाऊक असते. वार्षिक रजेचं याहून सरळ धोरण कुठल्या कंपनीत सापडणं अवघड.

हाच मुकादम विघ्नहर किंवा भीमाशंकर कारखान्याच्या ऊसतोडीवर पाहिला, तर चित्र उलटं दिसतं. तिथं तो उचल देतो, आणि उचल फिटेपर्यंत नवरा-बायकोचा कोयता त्याला बांधलेला. डब्याच्या लाइनीत माणूस वाटेकरी असतो, फडात देणेकरी. पुस्तकात हा फरक क्वचितच येतो. ऊसतोडीची केस कुणी हौसेनं शिकवतही नाही.

कौतुक मात्र डबेवाल्यांचं भरपूर झालं. 1998 च्या फोर्ब्समधल्या लेखानंतर 'सिक्स सिग्मा' हे जवळजवळ बिनचूक कामाचं बिरुद त्यांना चिकटलं. तसं रीतसर प्रमाणपत्र कुणी दिलेलं नाही, पण व्याख्यानात ते सांगायला बरं वाटतं. 2003 मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे राजपुत्र चार्ल्स चर्चगेटला येऊन भेटले. दीड वर्षानं त्यांच्या लग्नाला दोन डबेवाले लंडनला गेले. संघटनेचे पुढारी व्यवस्थापन संस्थांमध्ये बोलायला जाऊ लागले. ऑगस्ट 2011 मध्ये अण्णा हजारेंच्या आंदोलनासाठी डबेवाल्यांनी एक दिवस काम थांबवलं, त्याचीही बातमी झाली.

मग कोरोनाचा मार्च 2020 आला. लोकल थांबली, ऑफिसं बंद झाली, डबा कुणाला न्यायचा? मालक नव्हता, म्हणून पगार थकवणाराही कुणी नव्हता, आणि भविष्यनिर्वाह निधीही नव्हता. जी व्यवस्था माणसं गावाकडून आणत होती, तिनंच त्यांना परत गावाकडे नेलं. कुणी शेतात उतरलं, कुणी मिळेल त्या मजुरीवर गेलं. ऑक्टोबरात लोकलनं जायची मुभा मिळाली, पण ऑफिसातली माणसं घरूनच काम करत होती. नंतर परतलेल्यांची संख्या पूर्वीच्या निम्म्याहूनही कमी भरली. थॉमके यांच्या केसमध्ये या वर्षाचं पान असणं शक्यच नव्हतं. पण वर्गात ती आजही 2010 मध्येच थांबलेली असेल, तर शिकवणाऱ्याचा दोष म्हणायला हवा.

भरतीचा प्रश्न तर त्याआधीच सुरू झाला होता. पुणे-नाशिक रस्त्यावर चाकणचे कारखाने उभे राहिले आणि नारायणगावच्या टोमॅटोच्या बाजारात पैसा आला. मंचरचा किंवा जुन्नरचा पदवीधर आता मुंबईच्या लाइनीवर चढायला तयार होत नाही. तो चाकणला कंत्राटी कामगार होतो, किंवा एमबीए करून त्याच कंत्राटी कामगारांची हजेरी सांभाळायला बसतो. नोव्हेंबर 2025 मध्ये नव्या कामगार संहिता लागू झाल्या, कल्याण अधिकाऱ्याची अट पाचशेवरून अडीचशे कामगारांवर आली, त्यामुळे अशा जागा वाढतीलही. डब्याच्या गटांना मात्र वाट्यासाठी माणूस हवा आहे, आणि भाचा, पुतण्या, शेजारचा पोरगा ही त्यांची जुनी यादी आता पुरेनाशी झाली आहे.