श्रायनर्स : मौजमंडळाची इस्पितळे
१८७२ मध्ये न्यूयॉर्कच्या फ्रीमेसन मंडळींनी मौज आणि मैत्रीसाठी काढलेल्या श्रायनर्स या बंधुसंघाने १९२२ मध्ये श्रीव्हपोर्टला मुलांचे मोफत इस्पितळ उघडले. १९२५ पासूनचा ‘ईस्ट-वेस्ट’ अमेरिकन फुटबॉल सामनाही याच कामासाठी. मात्र २००८च्या मंदीत गंगाजळी आटली आणि तोवर उभ्या राहिलेल्या २२ पैकी सहा इस्पितळे बंद करण्याचा प्रस्ताव आला. २००९च्या अधिवेशनात सभासदांनी तो फेटाळला व विमा कंपन्यांकडून पैसे घ्यायचे ठरवले. हा व्रतभंगच, असे कुणी म्हणेल. पण ते टिकत नाही : विमा नसलेल्या, ऐपत नसलेल्या मुलांवरही उपचार होतातच, आणि श्रीमंत विमा कंपन्यांना देणगीदारांनी का पोसावे? बोट ठेवायचेच तर श्रायनर्सच्या नावाने होणाऱ्या सर्कशींवर ठेवावे. तिथली कमाई बहुधा स्थानिक शाखांच्याच खर्चाला जाते.