पदराची उलटी बाजू

पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावरील एखाद्या जुन्या पेढींत लग्नाची पैठणी घेण्याचा प्रसंग ज्यांनीं पाहिला आहे, त्यांना तो वर्णन करून सांगावयास नको. पांढऱ्या गादीवर घरांतील चार-पांच बायका बसलेल्या असतात. दुकानदार घडीमागून घडी उलगडीत असतो. जिच्यासाठीं खरेदी चालली आहे ती मुलगी हिरवी कीं जांभळी या घोळांत असते. इतक्यांत घरांतील वडील काकू हात पुढें करतात, पदराचें टोंक चिमटींत धरून अंगठ्यानें चोळून पाहतात, मग तें उलटें करून उजेडाकडे धरतात आणि एवढेंच म्हणतात, "ही बाजूला ठेवा." दुकानदार त्या वेळीं काय सांगत असतो तें कोणाच्याच लक्षांत राहत नाहीं. व्यवहाराचा निकाल काकूंच्या बोटांनीं दिलेला असतो.

हल्लीं तीच पैठणी पुष्कळदां फोनवर चित्र पाहून घेतली जाते. विकणारी एखादी सुशिक्षित गृहिणी असते. दुपारचीं घरकामें आटोपल्यावर ती येवल्याच्या विणकरांकडून आणलेला माल दिवाणखान्यांत मांडते, त्याचीं छायाचित्रें काढते आणि व्हॉट्सॲपवर पाठविते. घेणारी नागपुरास असते, बंगळुरास असते, कधीं न्यू जर्सींत असते. दोघींची ओळख नाहीं, दुकान नाहीं, गादी नाहीं, आणि काकू असल्या तरी त्यांचीं बोटें तेथपर्यंत पोहोंचत नाहींत. तेव्हां बोटांचें काम डोळ्यांना करावें लागतें. आणि तें डोळ्यांना करतां यावें एवढी सोय छायाचित्रानें करून द्यावयाची असते. घरगुती व्यापारांतील छायाचित्रणाचें सारें मर्म आमच्या मतें एवढ्यांतच आहे. पण बहुतेक ठिकाणीं आम्हांला दिसतें तें निराळेंच. साडीशेजारीं पितळी समई, वर मोगऱ्याचा गजरा, मागें जुना झोपाळा, आणि फोनमध्यें सांपडतील तेवढ्या सर्व युक्त्या करून चढविलेला रंग! चित्र सुरेख येतें यांत शंका नाहीं. परंतु तें पाहून घेणारीला साडीविषयीं काय कळलें, असा प्रश्न विचारला तर उत्तर देणें कठीण पडेल.

पैठणीचेंच उदाहरण घेण्याचें कारण असें कीं, येथें फसवणुकीला जागा मोठी आहे आणि फसल्यास नुकसानही मोठें आहे. हातमागावरील पैठणीचा पदर विणतांना प्रत्येक रंगाच्या धाग्याची कांडी वेगळी असते. मोराची मान निळी, चोंच तांबडी, तर त्या त्या जागीं त्या त्या रंगाचा आडवा धागा हातानें घालून शेजारच्या रंगाच्या धाग्यांत अडकवावयाचा आणि तेथूनच मागें वळवावयाचा. त्यामुळें दिवसभरांत कापड किती पुढें सरकतें तें बोटांवर मोजावें. साध्या नक्षीच्या पैठणीला कांहीं आठवडे लागतात, भरगच्च पदराला कित्येक महिने, आणि अंगभर नक्षी असल्यास वर्ष उलटून जातें. पैठण व येवलें येथील या विणकामाला २०१० सालीं भौगोलिक उपदर्शनाचें संरक्षण मिळालें. परंतु यंत्रमागावर त्याच मोरांची आणि त्याच नारळी काठाची नक्कल थोड्या वेळांत निघते आणि तिच्या कितीतरी पट कमी किमतींत विकली जाते. ती नक्कल म्हणून विकली तर कोणाचीच तक्रार नाहीं. पुष्कळ घरांत हौसेला ती पुरते. दुःख होतें तें अस्सल म्हणून विकली गेल्यावर. त्यांत घेणारीचे पैसे जातात हें एक. पण सहा महिने मागावर बसलेल्या विणकराच्या मालाला 'तशीच तर स्वस्तांत मिळते' हें ऐकावें लागतें, हें त्याहून वाईट.

आतां गंमत अशी कीं, समोरून काढलेल्या छायाचित्रांत अस्सल आणि नक्कल यांतील अंतर जवळजवळ दिसत नाहीं. उलट नक्कल अधिक रेखीव दिसते. अंतर दिसतें तें मागच्या बाजूला. हातविणीच्या पदरांत धागा नक्षीच्या कडेलाच वळलेला असल्यामुळें पदर उलटा केला तरी मोर मोरच राहतो. दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या. यंत्राच्या विणींत नक्षीचा धागा एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत मागच्या अंगानें लोंबत जातो. कधीं ते धागे कापून टाकलेले असतात, मग त्यांच्या टोंकांची लव राहते. काकू पदर उलटा करीत असत तो एवढ्यासाठींच. म्हणून जिला दूरच्या गिऱ्हाइकाचा विश्वास मिळवावयाचा आहे तिनें पहिलें छायाचित्र पदराच्या उलट्या बाजूचें काढावें, आणि तेंही इतक्या जवळून कीं धाग्यांचीं वळणें मोजतां यावींत. पदराचा एक कोपरा दुमडून सुलटी व उलटी अशा दोन्ही बाजू एकाच चित्रांत आणल्या तर आणखी उत्तम. कारण दोन निरनिराळीं चित्रें दोन निरनिराळ्या साड्यांचीं असूं शकतात, ही शंका चाणाक्ष गिऱ्हाइकाच्या मनांत येतेच.

चिठ्ठ्यांचेंही तसेंच आहे. रेशीम शुद्ध असल्याची 'सिल्क मार्क' ही खूण २००४ पासून मिळते, आणि कापड हातमागाचें असल्याची 'हॅण्डलूम मार्क' ही खूण २००६ पासून. पहिलीचा अर्थ एवढाच कीं धागा रेशमाचा आहे. तो कोणत्या मागावर विणला हें ती सांगत नाहीं. यंत्रमागाच्या रेशमी साडीलाही ती प्रामाणिकपणें लागते, आणि अर्धवट माहितीची घेणारी तिच्यावरच भुलते. चिठ्ठीचें स्वतंत्र चित्र काढून पाठविण्यांत अर्थ नाहीं. ती साडीला बांधलेली असतांना, साडीसह दिसली पाहिजे.

रंगाची गोष्ट याहून अवघड. पैठणींत पुष्कळदां उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. त्यामुळें ती हलली कीं रंग बदलतो, आणि यालाच आपण धूपछांव म्हणतों. एका चित्रांत ही धूपछांव कशी यावी? ती येत नाहीं. एकच चित्र पाठविलें तर घेणारी मोरपंखी रंगाची अपेक्षा करते आणि घरीं आलेली साडी तिला हिरवी वाटते. विकणारीनें खोटें कांहींच केलेलें नसतें, तरी ती खोटी पडते. यासाठीं त्याच जागेवरून, त्याच उजेडांत, घडी थोडी फिरवून दोन-तीन चित्रें घ्यावींत, किंवा पदर हातांत धरून हलवीत असतांना थोड्या क्षणांचें चलच्चित्र घ्यावें.

फोनचा कॅमेराही आपल्या परीनें शहाणपण करतो. संपूर्ण चौकट एकाच गडद रंगानें भरली तर तो चित्र उगीचच उजळवितो, आणि रंगाचा जोर मोडून त्याला मध्यम करूं पाहतो. जांभळा रंग तर पुष्कळदां निळाच उतरतो. यावर उपाय साधा आहे. उत्तरेकडील खिडकीजवळ, जेथें थेट ऊन पडत नाहीं अशा जागीं, सकाळीं साडी पसरावी. घरांतील दिवे बंद करावेत, कारण दिव्याचा पिवळा आणि आकाशाचा निळसर उजेड एकत्र आले म्हणजे एकाच साडीचे दोन रंग होतात. आणि चौकटीच्या एका कोपऱ्यांत कोरा पांढरा कागद ठेवावा. कागद चित्रांत पांढरा दिसला तर रंगावर बराचसा भरंवसा ठेवतां येतो. तो निळसर किंवा पिवळट दिसला तर पाहणारीलाही कळतें कीं साडीचा रंगही तेवढाच सरकला असेल. एवढें करूनही जांभळा निळा दिसलाच, तर 'प्रत्यक्षांत यापेक्षां जांभळी आहे' असें खालीं लिहावें. त्यानें विक्री बुडाल्याचें आम्हीं ऐकलेलें नाहीं.

छायाचित्र खरें असूनही फसवूं शकतें, याचें एक प्रसिद्ध उदाहरण सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंतील कॅम्पबेल या सूप करणाऱ्या कंपनीच्या जाहिरातींत सुपाच्या वाडग्याच्या तळाशीं कांचेच्या गोट्या घालीत. त्यामुळें बुडणाऱ्या भाज्या वर येऊन वाडगें भाज्यांनीं गच्च भरलेलें दिसे. सूप खरें, भाज्या खऱ्या, छायाचित्रही खरें. फक्त गोट्या दिसत नसत! १९७० सालीं तेथील फेडरल ट्रेड कमिशनच्या आदेशानें हा प्रकार थांबविण्यांत आला. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै २०२० मध्यें अमलांत आला आणि त्याच महिन्यांत फोनवरून व संगणकावरून चालणाऱ्या विक्रीचे नियम निघाले. जाहिरात मालाच्या प्रत्यक्ष गुणांशीं जुळली पाहिजे, आणि दाखविल्यापेक्षां निराळा माल हातीं पडला तर तो परत घेण्यास नकार देतां येत नाहीं, असें त्यांत स्पष्ट आहे. पण खरें सांगावयाचें तर घरगुती व्यापाराला कायद्याआधीं नणंदा-जावांचें तोंड गांठतें. एका साडीवर ज्या घरांत कुजबूज झाली त्या घरांतून पुढचीं पांच लग्नें गेलीं असें समजावें.

आमच्या स्नेह्यांच्या घरीं याच प्रश्नावरून झालेला वाद आम्हीं प्रत्यक्ष ऐकला आहे. त्यांची धाकटी सून येवल्याच्या पैठण्या विकते. एका साडीच्या पदरांतील दोन मोरांपैकीं एक दुसऱ्यापेक्षां किंचित् बुटका होता. काठाशीं एके ठिकाणीं धागा तुटून जोडल्याची बारीक गांठही होती. तिनें दोन्हींचीं जवळून चित्रें काढलीं आणि पाठविण्यापूर्वीं सहज मामंजींना दाखविलीं. ते निवृत्त बँक-अधिकारी. चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अग, आपल्या मालाचें व्यंग आपणच चव्हाट्यावर मांडायचें? कोणता व्यापारी असें करतो?" सून म्हणाली, "मामंजी, तुम्ही कर्ज देतांना जामीनदाराचें आधींचें देणें विचारीत होतां ना? तें त्यानें लपविलेलें नंतर कळलें तर?" मामंजी कांहीं बोलले नाहींत, पण त्यांचें समाधान झालें नव्हतें हें दिसत होतें. चित्रें गेलीं. नागपूरच्या बाईंचें उत्तर आलें तें असें कीं, दोन मोर तंतोतंत सारखे असते तर आपणांस संशय आला असता. साडी त्याच दिवशीं गेली. आम्ही असें म्हणत नाहीं कीं प्रत्येक वेळीं असेंच होईल. त्याच सुनेची दुसरी एक साडी गांठीचें चित्र पाहून एकीनें नाकारलीही. पण नाकारलेली साडी घरांतच राहिली. परत येण्याचा खर्च, चुरगळलेली घडी आणि कटुता यांपैकीं कांहींच झालें नाहीं. मामंजी आतां परत आलेल्या मालाची वही ठेवतात, आणि तिच्यांत फारसें लिहावें लागत नाहीं अशी तक्रार करतात.

विणकराचें छायाचित्र ही अलीकडची आणखी एक प्रथा. मागावर बसलेला कारीगर, समोर अर्धी विणलेली साडी. पाहणाऱ्याचें मन भरून येतें. तें चित्र खरोखर त्याच साडीचें असेल तर त्यासारखा पुरावा नाहीं. परंतु पुष्कळ ठिकाणीं एकाच विणकराचें एकच चित्र पन्नास साड्यांना जोडलेलें आम्हीं पाहिलें आहे, आणि त्याला विचारलेलेंही नसतें. हा प्रकार आम्हांला गोट्यांच्या सुपाहून वेगळा वाटत नाहीं. त्याला विचारून, मागावरील ती साडी अमुक तारखेची असें लिहून चित्र काढावें. साडी पुरी झाल्यावर तोच पदर पुन्हां दाखवावा.

चित्रें चोरीलाही जातात. आज आपण पाठविलेलें चित्र उद्यां तिसऱ्याच कोणाच्या यादींत दिसतें, आणि त्याच्याजवळ ती साडी कधींच नसते. यावर एका युक्तीचा उपयोग होतो. घेणारीनें मागितल्यास तिचें नांव व त्या दिवसाची तारीख हातानें लिहिलेली चिठ्ठी साडीवर ठेवून नवें चित्र काढून द्यावें. ज्याच्याजवळ माल नाहीं त्याला हें साधत नाहीं. घेणाऱ्या बायकांनींही असें चित्र मागण्यांत संकोच करूं नये. दुकानांत आपण पदर उलटा करून पाहत होतोंच कीं.

त्या स्नेह्यांच्या घरीं आतां नवी व्यवस्था लागली आहे. सून चित्र काढते, पण पदर धरण्याचें काम घरांतील काकूंकडे आहे. त्या जाड भिंगाचा चष्मा लावून खिडकीपाशीं बसतात, टोंक उलटें करून चिमटींत धरतात, आणि प्रत्येक चित्राच्या कडेला त्यांचा सुरकुतलेला अंगठा येतो. सुनेनें प्रथम तो कापून टाकावयाचा विचार केला होता. मध्यें काकू आठ दिवस आजारी होत्या तेव्हां चित्रें अंगठ्यावांचून गेलीं. त्यावर बंगळूरच्या एका बाईंचा निरोप आला कीं, पदर पाहिला, ठीक आहे. पण हा अजून आजींनीं पाहिलेला दिसत नाहीं, त्यांनीं पाहिल्यावर चित्र पुन्हां पाठवावें, तोंवर आपण थांबतों.