चाळीस चौकटी, एकच फॉर्म्युला

बीड जिल्ह्यातल्या नारायणगडाला वारकरी धाकटी पंढरी म्हणतात. याच जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि कोयत्यामागे मुकादमाने आगाऊ दिलेली उचल. हंगाम संपला की हिशेबाला बसायचे. हा हिशेब वहीतून एक्सेलमध्ये आणला, तर तिथे कधीकधी फार विलक्षण गोष्ट घडते.

गडाजवळच्या एखाद्या गावातली चाळीस कोयत्यांची टोळी समजा. 'बी' रकान्यात उचल, 'सी'मध्ये फिटलेली रक्कम, 'डी'मध्ये बाकी. डी२ ते डी४१ या सगळ्या चौकटी निवडून =बी२-सी२ लिहिले, आणि नुसते एंटर दाबण्याऐवजी कंट्रोल, शिफ्ट, एंटर एकदम दाबले गेले. पहिल्या कोयत्याची उचल १,००,०००, फिटले ६४,०००, बाकी ३६,०००. बरोबर. दुसऱ्याने ८०,००० उचलले आणि सगळे फेडले, तरी त्याच्याही नावापुढे ३६,०००! थेट चाळिसाव्यापर्यंत तोच आकडा. ज्या जोडप्याने पै न् पै फेडली, त्यांच्या डोक्यावर नसलेले कर्ज चढले. आता ती एक चौकट दुरुस्त करायला जा. एक्सेल हात लावू देत नाही. ॲरेचा एखादाच भाग बदलता येणार नाही, असे बजावते.

का? कारण त्या चाळीस चौकटींत चाळीस फॉर्म्युले नाहीतच. एकच आहे, सगळ्यांचा मिळून, सामाईक सातबाऱ्यासारखा. वरच्या पट्टीत त्याला महिरपी कंस दिसतो, ती त्याची खूण. त्याला सांगितले होते फक्त पहिल्या ओळीचे गणित. ते त्याने एकदा केले आणि उत्तर सगळीकडे वाटून टाकले. मला खरी गंमत वाटते ती पुढे: त्याच तीन कळा दाबून =बी२:बी४१-सी२:सी४१ लिहिले असते, तर त्याच एका फॉर्म्युल्याने चाळीस कोयत्यांची चाळीस वेगळी, अचूक उत्तरे दिली असती. एवढी ताकद एका ओळीत!

नको असताना आलेला हा ॲरे मोडणे सोपे आहे. त्यातल्या कुठल्याही चौकटीत जाऊन कंट्रोल आणि तिरपी रेघ दाबा. त्याचा पूर्ण पसारा निवडला जातो. डिलीट करा. मग डी२ मध्ये =बी२-सी२ पुन्हा लिहून साधे एंटर, आणि कोपऱ्यातला ठिपका धरून खाली ओढा. लिब्रेऑफिसमध्येही हेच चालते, फक्त तिरपी रेघ अंकांच्या कीपॅडवरची दाबायची. गूगल शीट्समध्ये त्या तीन कळांनी फॉर्म्युल्याभोवती 'ॲरेफॉर्म्युला' हा शब्द येतो. तो कंसासकट काढायचा.

मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये नवी पद्धत जाहीर केली. तिच्यात =बी२:बी४१-सी२:सी४१ सारखा ॲरेचा फॉर्म्युला साध्या एंटरनेही आपोआप खाली पसरतो. वाटेत काही लिहिलेले असेल तर अडतो आणि चूक दाखवतो.

दुरुस्तीनंतर एक पडताळा मात्र घ्याच. उचलीची एकूण बेरीज, त्यातून फिटलेल्याची बेरीज वजा. ही वजाबाकी 'डी' रकान्याच्या बेरजेशी रुपयान् रुपया जुळायला हवी. जुळली, की मगच कागद छापून टोळीसमोर वाचा.