से कॅथेड्रलची चित्रमाला आणि ख्रिस्तपुराणाची ओवी

२१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन घडले. दर दहा वर्षांनी येणाऱ्या या सोहळ्यासाठी अवशेष बॉम जेझू महामंदिरातून रस्त्यापलीकडील से कॅथेड्रलात आणून ठेवतात. बेळगाव, खानापूर, निपाणी या बाजूंकडील आपल्यापैकी कित्येक जण घाट उतरून तेथे जाऊन आले असतील. जाताना प्रत्येकाच्या खिशात मोबाईल होता, आणि आल्यावर प्रत्येकाच्या मोबाईलमध्ये शेकडो छायाचित्रे होती. त्या छायाचित्रांचे पुढे काय झाले? ज्या वृद्धांना प्रवास झेपला नाही, त्यांच्यापुढे फोन धरून ती बोटाने भराभर सरकविली गेली. आजीला मुख्य वेदी दिसते न दिसते तोच पुढे भोजनगृहातील नातवंडे आली! एवढ्याने से कॅथेड्रल पाहिल्याचे समाधान त्या माउलीस कसे लाभावे?

या छायाचित्रांतून निवड करून, त्यांना संगीताची जोड देऊन, धर्मग्रामाच्या सभागृहात पडद्यावर दाखविता येईल अशी चित्रमाला रचणे हे आपल्या तरुण-तरुणींना सहज साधण्यासारखे काम आहे. वृद्धांचा या मंदिरावर हक्कही आहे. बेळगाव धर्मप्रांत १९ सप्टेंबर १९५३ रोजी गोवा महाधर्मप्रांत व पुणे धर्मप्रांत यांतील प्रदेश घेऊन निर्माण झाला. त्यापूर्वी आपल्या भागातील कित्येक धर्मग्रामांचे आसन गोव्यातच होते. 'से' या पोर्तुगीज शब्दाचा अर्थही आसन असाच आहे. आज आपले आसन बेळगाव कॅम्पातील फातिमा मातेचे कॅथेड्रल आहे. पण सासरी नांदणाऱ्या लेकीला माहेरचे घर परके थोडेच होते?

चित्रे व गाणे यांची सांगड घालण्याची कल्पना महाराष्ट्राला नवी नाही. कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे दिव्याच्या साहाय्याने पडद्यावर पाडावयाची आणि त्याबरोबर निवेदन व गायन करावयाचे, असा तो प्रकार होता. चलच्चित्रे भारतात येण्यापूर्वीची ही गोष्ट. पुढे फिल्मच्या स्लाईड आल्या. ऐंशी स्लाईड मावणारे गोल चक्राचे कोडॅक कंपनीचे यंत्र कित्येक संस्थांतून असे; त्याचे उत्पादन २००४ साली थांबले. आता साधा संगणक, किंबहुना फोनसुद्धा, ते काम करतो. साधन सुलभ झाले; मात्र कोणते चित्र किती वेळ ठेवावे हे साधनाला कळत नाही. ते ठरविणाराने पटवर्धनांप्रमाणे कान देऊन ठरवावे.

प्रथम मंदिराविषयी. सध्याच्या वास्तूचे काम १५६२ साली सुरू झाले, मुख्य भाग १६१९ पर्यंत उभा राहिला आणि १६४० मध्ये अभिषेक झाला. अल्बुकर्कने १५१० साली गोवा घेतला तो २५ नोव्हेंबरचा, संत कॅथरीनच्या सणाचा दिवस. म्हणून हे मंदिर तिला वाहिलेले आहे. लांबी सुमारे २५० फूट, दर्शनी भागाची उंची सुमारे ११५ फूट. मंदिर पूर्वाभिमुख आहे, हे छायाचित्र काढणाऱ्याने विशेष ध्यानात ठेवावे. सकाळचे कोवळे ऊन थेट दर्शनी भिंतीवर पडते. ऊन चढल्यावर तीच पांढरी भिंत डोळे दिपवते आणि छायाचित्रात नुसती कोरी उतरते. पायऱ्यांशी उभे राहून फोन वर केला की सारी इमारत मागे रेलल्यासारखी दिसते, म्हणून अंगणात लांब मागे जाऊन फोन सरळ धरावा. आतील चित्रांसाठी परवानगी विचारून घ्यावी, झगझगीत दिवा मुळीच वापरू नये, आणि फोन बाकाच्या पाठीवर टेकवावा म्हणजे हात हालत नाही.

समोर उभे राहिल्यास डाव्या हातास मनोरा दिसतो. उजवीकडे मोकळे आकाश. तेथेही एक मनोरा होता, तो १७७६ साली कोसळला. बहुतेक जण हे आकाश कापून टाकतात, कारण चित्र एकांगी दिसते म्हणे! आमच्या मते ते मुळीच कापू नये. उभ्या मनोऱ्यात १६५२ साली कुंकळ्ळी येथे ओतलेली 'सोन्याची घंटा' आहे. आपण तेथे असताना घंटा वाजली तर बोलणे थांबवून तिचा नाद तेवढा ध्वनिमुद्रित करून आणावा.

आत गेल्यावर १५३२ सालचे स्नानसंस्काराचे कुंड, चमत्कारी क्रूसाचे उपमंदिर, आणि सोनेरी नक्षीची मुख्य वेदी. वेदीवरील कोरीव फलकांत संत कॅथरीनचे जीवन व हौतात्म्य दाखविले आहे. ते कथेच्या क्रमानेच लावावेत.

आता संगीत. येथे बहुतेकांचा हात विदेशी वाद्यसंगीताकडे किंवा चित्रपटाच्या सुरावटीकडे जातो. ते ऐकण्यास गोड असेल, पण या भिंतींशी त्याचे नाते काय? से कॅथेड्रलच्या भिंती वर चढत होत्या त्याच वर्षांत, तेथून फार दूर नसलेल्या साष्टी भागात, एक इंग्रज येशूसंघीय धर्मगुरू मराठीत ओव्या रचीत होते. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले. त्यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, त्याही आपल्या भाषेत! देवनागरी खिळ्यांच्या अभावी ग्रंथ रोमन लिपीत छापावा लागला. फादर १६१९ साली वारले, म्हणजे मंदिराचा मुख्य भाग पुरा झाला त्याच वर्षी. पुढे कित्येक पिढ्या या ओव्या सणासुदीला देवळांतून गाइल्या जात. १९०७ साली मंगळूर येथे सालडाना यांनी ग्रंथ पुन्हा छापला, आणि १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती निघाली. चित्रमालेला याहून जवळचे संगीत कोठे शोधावे?

ओव्या धर्मग्रामातील गायकांनी स्वतः म्हणाव्यात. दुसऱ्याचे ध्वनिमुद्रण उचलल्यास त्याची अनुमती लागते. चारशे वर्षांपूर्वीच्या ओवीला कोणाची लागत नाही. चालीसाठी पेटीवाल्याच्या आधी घरातील वृद्ध स्त्रियांना विचारावे. जात्यावरची ओवी ज्यांनी म्हटली आहे त्यांना ग्रंथातील ओवीची लय शिकवावी लागत नाही, आणि अशा स्त्रिया आता दरवर्षी कमी होत आहेत. शब्द जुने आहेत. ते दोनचारदा मोठ्याने वाचून अर्थ समजून घ्यावा, मगच मुद्रण करावे.

आधी गाणे मुद्रित करावे, चित्रे नंतर बसवावीत. उलट केल्यास गाणे चित्रांमागे धावत सुटते. ओवीचे पहिले तीन चरण यमकाने बांधलेले, चौथा आखूड व मोकळा. या रचनेचाच उपयोग करावा: पहिल्या तीन चरणांना तीन चित्रे, एकातून दुसरे हळूच उमलणारी, चौथ्या चरणाला तिसरेच चित्र स्थिर राहू द्यावे. सावकाश म्हटलेली ओवी सुमारे अर्धा मिनिट चालते. बारा ओव्यांची सहा मिनिटे झाली, त्यांना छत्तीस चित्रे लागतील. परंतु मुख्य वेदीला एक संपूर्ण ओवी द्यावी आणि कोसळलेल्या मनोऱ्याच्या आकाशालाही एक, म्हणजे बत्तीसच पुरतात. शेकडो चित्रांतून बत्तीस निवडताना घरोघर थोडी नाराजी होईल. आपापल्या कुटुंबाची चित्रे निराळी ठेवावीत, ती चहाच्या वेळी दाखविता येतील.

चित्रांवर अक्षरे लिहू नयेत असे आम्हांस वाटते. आपल्या भागात एकाच बाकावर मराठी, कोंकणी व कन्नड बोलणारी माणसे बसतात. शिवाय वृद्धांना पडद्यावरील बारीक अक्षर वाचवत नाही. प्रारंभी कोणी तरी तिन्ही भाषांत दोन-दोन वाक्ये बोलून आपण काय पाहणार आहोत ते सांगावे. पडद्यासाठी पांढरी चादर इस्त्री करून ताणून बांधावी, वृद्धांना पुढच्या रांगेत बसवावे, आणि वीज केव्हा जाते ते ठाऊक असल्याने वेळ तशी निवडावी.

घंटेचा नाद मुद्रित झाला असेल तर तो शेवटी ठेवावा. अखेरचे चित्र मावळल्यावर पडदा काळा राहू द्यावा, आणि घंटेचा शेवटचा कंप पूर्ण विरेपर्यंत सभागृहातील दिवे कोणी लावू नयेत.