हवेतील नत्र आणि लोखंडाचे दाणे

हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन असूनही बहुतेक पिकांना तो थेट घेता येत नाही. त्याच्या रेणूतील दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. हा बंध तोडण्यासाठी खतनिर्मितीत घन उत्प्रेरक वापरला जातो. स्वतः खर्ची न पडता रासायनिक अभिक्रियेचा वेग वाढविणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक.

जर्मन रसायनशास्त्रज्ञ फ्रित्झ हाबर यांनी १९०९ मध्ये ऑस्मिअमच्या साहाय्याने नायट्रोजन व हायड्रोजनपासून अमोनिया तयार करून दाखविला. परंतु ऑस्मिअम अत्यंत दुर्मीळ. त्यामुळे बीएएसएफ कंपनीतील आल्विन मिटाश यांनी पर्यायाच्या शोधात हजारो चाचण्या घेतल्या. शुद्ध लोहाने निराशा केली. स्वीडनमधील मॅग्नेटाइट या लोहखनिजाने मात्र अनपेक्षित यश दिले. याचे रहस्य खनिजातील इतर घटकांत होते. १९१३ मध्ये ओप्पाऊ येथे कारखाना सुरू झाला तो याच शोधाच्या बळावर.

हा उत्प्रेरक तयार करण्याची पद्धत वरवर साधी वाटते. मॅग्नेटाइटमध्ये ॲल्युमिना, चुना आणि पोटॅशची अल्प मात्रा मिसळून ते वितळवितात, थंड करून फोडतात आणि ठरावीक आकाराचे दाणे चाळून घेतात. नंतर हायड्रोजनयुक्त वायूत तापविल्यावर खनिजातील ऑक्सिजन निघून जातो आणि मागे सच्छिद्र लोखंड उरते. अभिक्रिया पृष्ठभागावरच घडत असल्याने या छिद्रांना मोल आहे. एका ग्रॅम दाण्यांत सुमारे १० ते २० चौरस मीटर पृष्ठभाग दडलेला असतो.

प्रत्येक घटकाचे कार्य निराळे. उष्णतेने लोहाचे सूक्ष्म कण एकमेकांत मिसळून पृष्ठभाग घटू नये, याची काळजी ॲल्युमिना घेतो. पोटॅशियम लोहाला इलेक्ट्रॉन पुरवून नायट्रोजनचा बंध दुबळा करतो. नायट्रोजनचे अणू विलग होणे हाच या अभिक्रियेतील सर्वांत मंद टप्पा आहे, हे गेरहार्ड एर्टल यांच्या संशोधनाने स्पष्ट झाले. पृष्ठभागावरील अभिक्रियांच्या अभ्यासासाठी त्यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

गंधकाचा अंशही या दाण्यांना विषासमान ठरतो. म्हणून वायूचे शुद्धीकरण काटेकोरपणे करावे लागते. आज जगातील जवळजवळ निम्म्या लोकसंख्येचे अन्न अशा अमोनियापासून बनणाऱ्या खतांवर अवलंबून असल्याचे मानले जाते. ट्रॉम्बे आणि थळ येथील खत कारखान्यांतही अमोनिया याच अभिक्रियेने तयार होतो. मात्र सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअस तापमान आणि शंभराहून अधिक वातावरणांचा दाब यांमुळे मोठी ऊर्जा खर्च होते. कमी तापमानावर तितकेच काम करणारा स्वस्त उत्प्रेरक घडविणे, हे आजही संशोधकांपुढील आव्हान आहे.